बटनांचा फोन आणि कापूस पाहणारा हात

माझ्या खिशात बटनांचा फोन आहे आणि तो पाहून लोकांना माझी कीव येते. येऊ द्या. गरिबीनं किंवा अडाणीपणानं तो माझ्याकडे नाही. हातात आलेला मोठा फोन परत करून मी हा पुन्हा घेतला, आणि त्यापायी माझी नोकरी जाता जाता राहिली.

मी सेलूजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, कापूस पाहतो. गाडी आली की कोपरापर्यंत हात आत घालायचा, तळाचा कापूस उपसून काढायचा, चिमटीत धागा ओढून लांबी बघायची आणि एक सरकी दाताखाली फोडायची. कट् असा आवाज आला तर माल कोरडा, सरकी चपटली तर ओला. मग मी भाव बोलतो. तीस वर्षं हेच केलं. सरकीपायी माझे पुढचे दोन दात झिजले असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे.

मोठे शेठ थकले आणि कारभार मुलाच्या हाती आला. छोटे शेठ पुण्याहून शिकून आलेले, बोलायला गोड, पण यार्डात पाऊल ठेवलं की त्यांना शिंकांवर शिंका. म्हणून त्यांनी युक्ती काढली. आम्हा चौघा कापूस पाहणाऱ्यांना चकचकीत फोन दिले. गाडीचा फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, आणि शेठ केबिनमध्ये बसून भाव ठरवणार. केबिन किती लांब? चाळीस पावलं! मी मोजली आहेत, रागारागात.

तरी मी तो फोन तीन आठवडे वापरला, खोटं कशाला बोलू? माझा खरबरीत अंगठा त्या काचेला कळायचाच नाही, पण तेही चालवून घेतलं असतं. मग एक दिवस एका व्यापाऱ्याची गाडी आली. मी फोटो काढला, तो अंधुक आला, पुन्हा काढला, पाठवला. शेठनी होकार कळवला. गाडी रिकामी झाली तेव्हा खालून पाणी मारलेला कापूस निघाला. माझ्या डोळ्यांदेखत! फोटोच्या नादात मी हातच घातला नव्हता. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. त्या दिवशी घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी तो फोन खोक्यासकट शेठच्या टेबलावर ठेवला आणि घरी पडलेला जुना बटनांचा फोन चार्ज करून खिशात टाकला.

"काका, जग कुठं चाललं अन् तुमी कुठं चालले?" शेठ म्हणाले.

"मी गाडीकडं चाललो, शेठ."

त्यांना काही हसू आलं नाही. फोन परत घ्यायला महिना संपेपर्यंत मुदत देतो, म्हणाले, नाहीतर एक तारखेपासून येऊ नका. घरी सांगितलं तर बायकोचा चेहरा उतरला. "फोटो काढाले काय जाते तुमचं? या वयात दुसरं काम कोण देईन तुमाले?" तिचं बरोबर होतं. मला कापूस पाहण्यावाचून दुसरं काहीच येत नाही.

महिना संपायला दोन दिवस उरले होते. आमच्याच तालुक्यातली एक शेतकरीण ट्रॅक्टरची ट्रॉली भरून आली. ऊन लागत होतं म्हणून तिनं ट्रॉलीवर बांबू लावून ताडपत्री ताणली होती, पिवळी. मी दुसऱ्या गाडीत गुंतलो होतो, म्हणून आमच्या चौघांतल्या एकानं ताडपत्रीखाली उभं राहून फोटो काढला. केबिनमधून उत्तर आलं, माल पिवळा आहे, परत पाठवा.

"पिवळा?" बाई कडाडली. "पहिला वेचा हाये हा! रोज दव सुकल्यावर वेचला म्या. डोये फुटले का तुमच्या शेठचे?"

रडली नाही, भडकली. मला ती फार आवडली. मी जाऊन हात घातला. तळापर्यंत कोरडा माल, धागा लांब, सरकी कट्कन फुटली. मी खिशातून फोन काढून बटनं दाबली.

"शेठ, हा माल एक नंबर हाये. फोटो खोटं बोलून राह्यला."

"काका, मले साफ दिसून राह्यलं ना."

"मंग इथं येऊन पाहा. चाळीस पावलं हायेत. माल पिवळा निघाला तर एक तारखेची वाट नका पाहू, मी आजच घरी जातो."

मी फोनवर ओरडूनच बोलतो, त्यामुळे सगळ्या यार्डानं ऐकलं. कामं थांबली. शेठ नाकाला रुमाल लावून आले, ताडपत्रीखाली शिरले आणि म्हणाले, "हा काय, पिवळाच तर हाये!"

मी पहिल्यांदाच नीट निरखून पाहिलं. तो खरंच पिवळा दिसत होता. हातानं मला सगळं सांगितलं होतं, रंग तेवढा सांगितला नव्हता. आता गेली नोकरी, असं वाटलं. तेवढ्यात माझी नजर शेठच्या पांढऱ्या शर्टावर गेली.

"शेठ, तुमचा शर्ट पाहा."

तोही पिवळा! बाईनं ताडपत्री ओढून खाली टाकली आणि उन्हात सगळा ढीग पांढराशुभ्र झाला, शर्टासकट. यार्डात एकच हशा उठला. शेठनी हातातला फोन पाहिला, ढीग पाहिला, दोनदा शिंकले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलं माझं."

"चुकलं ते राहू द्या, भाव बोला!" बाई म्हणाली.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवसाचा सगळ्यात वरचा भाव बोललो आणि त्यांनी मान डोलावली. माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटनं तुटायचीच बाकी होती.

त्यानंतर ग्रुपवर शेठनी काय टाकलं ते मला माहीत नाही, मी ग्रुपवर नाहीच; एवढं खरं की मुदतीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि यार्डातली गोष्ट गाडीवाल्यांनी गावोगावी नेली. एक तारखेला सकाळी मी जिनिंगवर पोचलो तर गेटपासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागलेली, आणि एकाही गाडीवर ताडपत्री नाही. सगळ्यांनी आधीच काढून ठेवलेल्या.

"काका, पहिले माह्या गाडीत हात घाला!" पुढचा ओरडला.

"नाई, माह्या!" मागून दुसरा.

मी बाही वर केली आणि मागच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडलो, "घालतो रे, सगळ्याइच्या गाडीत घालतो! तुमचा काका कुठं जाऊन नाई राह्यला!"