शटरअण्णा

केस कापायला जाताना, जेवायला जाताना, अगदी समोर कॉफी प्यायला जातानाही अण्णा औषधाच्या दुकानाचं शटर ओढून कुलूप लावत. चिकपेटेतल्या आमच्या गल्लीनं त्यांचं नाव शटरअण्णा ठेवलं. बायको, म्हणजे आमच्या अक्का, मागच्या खोलीतच असतात, मग कुलूप कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "फार्मसीची परीक्षा मी दिलीय, तिनं नाही."

माझ्या वडिलांच्या हृदयाच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी घाईत चौपट लिहिला होता. अण्णांनी फोन लावला, डॉक्टरांची बोलणी खाल्ली, डोस दुरुस्त करून घेतला आणि मगच गोळ्या काढल्या. आसपासच्या सात दुकानांत असा फोन करणारं कुणी नव्हतं. भिंतीवर फार्मसिस्टचं सर्टिफिकेट भाड्यानं टांगलेलं; माणूस गायब. मी स्वतः वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहिलं होतं.

त्या सातांची यादी अण्णांनी शिस्त समितीकडे दिली. समिती फार्मसिस्टांनीच निवडलेली. मी हसलो, तर चिडले. "हसू नका. आपल्या माणसांना आपण आवरलं नाही तर पोलीस आवरतील. पोलिसाला डॉक्टरची चिठ्ठी वाचता येते का?"

समितीनं त्यांना एके दिवशी सकाळी अकरा वाजता सुनावणीसाठी बोलावलं. नेमक्या त्या दिवशी वडिलांच्या गोळ्या संपल्या. आदल्या दिवशी आणायच्या मी विसरलो होतो. अक्कांना गळ घातली. "ते रागावतील हो," म्हणत त्यांनी घरातल्या किल्लीनं कुलूप काढलं, शटर स्वल्प वर केलं आणि दोन गोळ्या दिल्या. तेवढ्यात समितीचे दोन तपासनीस आत शिरले. घड्याळात अकरा दहा. याला योगायोग मी म्हणणार नाही.

सात दुकानांना तोंडी समज मिळाली. अण्णांचं रजिस्ट्रेशन सहा महिने बंद, वर पाचशे रुपये दंड. चूक माझी, हे सांगायला मी समितीकडे गेलो. अध्यक्ष म्हणाले, "सार, तुम्ही गिऱ्हाईक. तुमचा यात काय संबंध?" गोळ्या गिळणार आमचे वडील, आणि संबंध नाही. लोकांचं भलं राखायला म्हणून ज्यांना स्वतःचा कारभार स्वतःच्या हाती मिळाला, त्यांनी तो एकमेकांना राखायला वापरला.

त्याच आठवड्यात समितीचा एक सदस्य दुकानी आला. "अण्णा, धंदा कशाला बुडवता? माझं सर्टिफिकेट लावा. महिना चारशे, तुम्हाला म्हणून." अण्णांनी त्याला फक्त दार दाखवलं.

दंड भरून, दुकान विकून ते अक्कांसह बेळगावला भावाकडे गेले. मला दोष दिला नाही. "वडिलांची चिठ्ठी आता तुम्हीच नीट वाचत जा," एवढंच म्हणाले. त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं.

दुकान ज्यानं घेतलं, तो फार्मसिस्ट नाही. त्या सदस्याला तो महिन्याला चारशे रुपये देतो. मी विचारून खात्री करून घेतली आहे.