जेवण ठीक एक वाजता

बडोद्याच्या निजामपुऱ्यात सुभानराव शिर्क्यांचं घर विचारलं की रिक्षावाला 'पेला गुस्सावाळा काका?', म्हणजे ते रागीट काका का, एवढंच विचारतो आणि थेट दारात नेऊन सोडतो. राग ही सुभानरावांची पूर्णवेळ नोकरी. नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्त झाले तेव्हा हेल्मेट तिथं जमा केलं आणि राग तेवढा घरी आणला. त्यांच्या बायको वसुंधराबाई म्हणतात, "पेन्शन वीस तारखेला संपते. हा मात्र महिनाभर पुरून उरतो."

निवृत्तीनंतर त्यांनी छोट्या कारखानदारांसाठी सुरक्षा परिषद सुरू केली. दर जानेवारीत, एका रविवारी, नंदेसरीच्या हॉलमध्ये. निमंत्रणपत्रिका स्वतः लिहायचे. दीपप्रज्वलन दहा, भाषण साडेदहा, चहा सव्वाअकरा, आणि शेवटी ठळक अक्षरांत 'भोजन ठीक एक वाजता'. खोटं नको, मोघम नको. मराठी माणसाची शिस्त! बडोद्याचा गुजराती शेठ ती पत्रिका प्रेमानं वाचायचा, खालून वर. आणि शिस्तीत एकाच्या ठोक्याला यायचा.

गेल्या वर्षी पाणीगेटच्या दुर्गाबाई बोलायला आल्या होत्या. त्यांचा नवरा टाकीतल्या वायूनं गेला होता. कसा गेला हे सांगायला ती बाई साडी नीट नेसून, पाण्याची बाटली घेऊन आली आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे उभी राहिली. ती बोलून खाली उतरली आणि बाहेर गाड्यांची दारं धडाधड वाजली. श्रीखंड आलं होतं ना!

यंदा सुभानराव पुन्हा पाणीगेटला गेले. दुर्गाबाईंनी चहा दिला, पण बोलायला नकार दिला. "खुर्च्यांना मी एकदा सांगितलंय, सुभानराव. त्यांना पाठ झालं असेल."

"यंदा हॉल भरतो. नाही भरला तर परिषद बंद. शब्द माझा!"

दुर्गाबाईंनी रिकामी कपबशी उचलली. "शेवटचं येते," म्हणाल्या.

शब्द दिला खरा, आता माणसं कुठून आणायची? पुतणी नयना लग्नांची, प्रदर्शनांची, सभांची कामं घ्यायची. तिनं जुनी पत्रिका वाचली आणि हात जोडले. "काका, हे निमंत्रण आहे की समन्स?"

"मग काय लिहू? या, बसा, माना डोलवा?"

"लिहायचं, उंधियुं आणि गरम जलेबी. पण वेळ लिहायची नाही. जेवण कधी ते कळलं नाही की माणूस सकाळपासून येऊन बसतो."

"ही सुरक्षा परिषद आहे, बारसं नाही!"

"बारशाला माणसं येतात, काका."

सुभानरावांनी पंखा बंद केला, चालू केला, वर्तमानपत्राची घडी मोडली. दुर्गाबाईंसाठी त्यांनी हा अपमान गिळला. नयनानं रंगीत पत्रिका केली आणि ती मोबाइलवर गावभर धाडली. येण्याचे होकार असे यायला लागले की आचाऱ्याला उंधियुंसाठी दुप्पट सुरती पापडी सांगावी लागली. वसुंधराबाईंना दोन दिवस घरात शांतता लाभली.

आदल्या संध्याकाळी परिषदेच्या ग्रुपवर जशुभाई शेठनी विचारलं, 'सुभानभाई, जमवानुं केटला वाग्ये?' जेवण किती वाजता? साधा प्रश्न. पण कुणी काही विचारलं आणि सुभानरावांनी उत्तर दिलं नाही, असं जन्मात झालं नव्हतं. सेफ्टी ऑफिसरनं वेळ लपवायची? एका बोटानं अक्षरं दाबत त्यांनी लिहिलं, 'ठीक एक वाजता.' ग्रुपवर अंगठेच अंगठे उमटले.

रविवारी दुर्गाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मागे नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या. नयनानं ग्रुप उघडून मोबाइल काकांपुढे धरला. सुभानरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. या वेळचा राग कुणावर काढावा हेच त्यांना कळेना, कारण तो माणूस त्यांच्याच कपड्यांत उभा होता.

एकला गाड्या आल्या. हॉलबाहेरच्या मांडवात ताटं घेऊन रांग लागली, पार फाटकापर्यंत. उंधियुंचा वास सुटला आणि सुभानरावांचा बांध फुटला. माइकची लांबलचक वायर ओढत ते मांडवात घुसले आणि आचाऱ्यावर गरजले, "एकही झाकण उघडायचं नाही! पळी खाली ठेव!"

"अरे सुभानभाई, भूख लागी छे," जशुभाई म्हणाले.

"लागू दे! माणूस कसा मेला हे ऐकायला तुम्हाला वेळ नाही, आणि तेराव्याला मात्र ताट धरून हजर! आज रांग सोडून जा बघू कोण जातो ते!"

कुणी गेलं नाही. पुढचा नंबर कोण सोडणार?

दुर्गाबाई हॉलमधून उठून मांडवात आल्या. माइक घेतला आणि गुजरातीत बोलल्या, शांतपणे, भाजीवालीशी बोलावं तसं. "टाकीत एक मुलगा पडला होता. माझे यजमान त्याला काढायला निघाले. तोंडाला लावायचा मास्क होता कारखान्यात. नवा होता. पण कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली साहेबांच्या खिशात. साहेब जेवायला गेले होते."  रिकाम्या ताटांवरून त्यांची नजर फिरली. "तुमचे कारखाने आजही चालू आहेत. तुमच्या कपाटाची किल्ली आत्ता कुठं आहे?"

 मग एका माणसाचा हात खिशाकडे गेला. दुसऱ्याचा गेला. जशुभाईंनी खिशातून जुडगा काढला, त्यातली एक किल्ली अंगठ्यानं वेगळी केली आणि तिच्याकडे बघतच राहिले. ताट मागच्या माणसाच्या हातात दिलं, रांग सोडली आणि झपाझप गाडीकडे निघाले. त्यांच्यामागे आणखी दोघं.

"पळा!" सुभानराव माइकशिवायच ओरडले. "चालता काय, पळा!"

जशुभाई, ते भरलेलं शरीर, खरोखर पळाले.

दुर्गाबाईंनी एक ताट उचललं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. माणसं बाजूला होऊन त्यांना पुढं बोलावू लागली, पण त्या हलल्या नाहीत. आचारी झाकणावर हात ठेवून तसाच उभा होता.

"आता काय मुहूर्त बघतोस?" सुभानराव त्याच्यावर खेकसले. "उघड! आणि गेलेत त्या तिघांचं बाजूला काढून ठेव. गरम राहिलं पाहिजे, सांगून ठेवतो!"