पाणबुडीचं सेवापुस्तक

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या लायब्ररीत दर शनिवारी एक काका भेटत. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेले, जिल्हा परिषदेच्या आस्थापना विभागातून निवृत्त. नाव मी कधी विचारलं नाही. ते ब्रिटिश नौदलाच्या पहिल्यावहिल्या पाणबुडीचं सेवापुस्तक लिहीत होते. रुजू तारीख, बदल्या, दुरुस्तीच्या काळात वैद्यकीय रजा, सगळं पट्टीनं आखलेल्या रकान्यांत. माझे वडील शाळेत शिपाई होते. त्यांचं सेवापुस्तक एका कारकुनानं बिनचूक ठेवलं, म्हणून निवृत्तिवेतन वेळेवर सुरू झालं आणि मी शिकू शकलो. त्यामुळे मला काकांचं हसू आलं नाही.

शेवटच्या शनिवारी ते अस्वस्थ होते. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं.

"भंगारात काढल्यावर ओढून नेताना ही बुडाली. जवळजवळ सत्तर वर्षांनी वर काढून संग्रहालयात ठेवली. म्हणजे पुन्हा रुजू! पण मधल्या काळाचं काय? सेवेत खंड पडतो हो!"

"काका, पाणबुडीचं पुस्तक कोण तपासणार?"

"बायकोच्या बाळंतपणात माझ्या सेवेत सहा दिवसांचा खंड पडला. अजून टोचतो. हिला नाही पडू देणार."

"रजेचा अर्ज दाखवता येईल?" मी मनापासून विचारलं.

"समुद्राच्या तळातून?"

"मग त्या काळात ती नेमकी होती कुठे, तेवढंच लिहा ना."

"पाण्याखाली," काका म्हणाले आणि एकदम थांबले. मग पेनाचं टोपण काढून त्यांनी सावकाश लिहिलं: 'सदर कालावधीत पाण्याखाली, म्हणजेच कर्तव्यावर हजर.'

पुस्तक माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "ग्रॅज्युएट आहात ना? नोंदीखाली कार्यालयप्रमुखाची सही लागते, तुम्हीच करा."

मी उभा राहून सही केली.