कडी वाजवली, घर घेतलं

घर घेण्याआधी ते नीट बघून घ्यावं, असं सगळे म्हणतात. आम्ही अगदी नीट बघितलं होतं.

हे रेल्वेत नोकरीला, आणि आमचं बिऱ्हाड लोणावळ्यात भाड्याच्या खोलीत. तिथल्या चुलीचा धूर बाहेर जायलाच तयार नसे! सणाला पुरण शिजवायला बसले की पाहुण्यांना वाटे, ही बाई माहेराच्या आठवणीनं रडतेय. म्हणून कुसगावच्या वाटेवर एक घर विकायचंय असं कळलं, तेव्हा मी यांना निक्षून सांगितलं, "बाकी तुम्ही काय ते बघा. चूल मी बघणार."

"अगं, तुझे मामंजी बरोबर असणार. त्यांच्यापुढं तू बोलणार कशी?"

(मामंजी म्हणजे माझे सासरे. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द निघालेला नव्हता.)

शेवटी ठरलं, पुरुषांनी पुढच्या ओटीवर बसायचं आणि मी मागच्या दारानं आत जाऊन घर बघायचं. पसंत पडलं तर पुढच्या दाराची कडी आतून वाजवायची. नापसंत असेल तर गप्प!

त्या घराला लागूनच दुसरं घर होतं. मधे एकच भिंत, मागचं अंगणही एकच. मी पदर पुढं ओढला, मान खाली घातली आणि पायांना जे दार आधी सापडलं त्यात शिरले.

आत कुणी नव्हतं. चुलीत निखारे, फडताळात भांडी, दोरीवर लुगडं. (घर विकायला काढलंय आणि आवराआवर काही नाही! कसली आळशी माणसं!) मी निखाऱ्यांवर ओला पाला घातला. काय धूर झाला म्हणता! आणि सगळा कसा शहाण्या मुलासारखा धुराड्यातून वर! मोरीत घागर ओतली, पाणी सरळ परसात. भिंतींना बुक्क्या मारल्या, चिमूटभर माती पडेल तर शपथ! मग मी कडी अशी खणखणवली की बाहेरून मामंजींचा आवाज आला, "पसंत! फोडा नारळ!"

मी समाधानानं वळले, तर मागच्या दारात डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई उभी.

"कोन गं तू? माज्या चुलीत काय करतीस?"

"धूर बघतेय."

"धूर?"

"कुठं जातो ते. हे घर घेतलं ना आम्ही."

"ह्ये घर? इकलं कोनी?"

"मालकांनी. ओटीवर बसलेत ना."

बाईनं हंडा दाणकन खाली ठेवला. "तरीच म्हनलं, मानूस सकाळधरनं ओटीवर बसलाय कशापायी! मला न इचारता घर इकलं व्हय!"

फुंकणी उचलून ती पुढच्या दारानं बाहेर पडली. मागोमाग मी. बघते तर आमची मंडळी शेजारच्या ओटीवर! त्यांच्यात विड्यानं गाल फुगवून बसलेला एक गृहस्थ होता. हा तिचा नवरा धोंडिबा, शेजारी म्हणून साक्षीला आलेला.

"घर इकलं तुमी?"

"आगं, आपलं न्हाई! शेजाऱ्याचं!"

"मग ही बया माज्या चुलीत पाला का घालतीया?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं. नारळाची भकलं ताटात पडली होती.

शेवटी मी सगळा धीर एकवटला. "मामंजी, मी ते... पलीकडचं बघितलं."

मामंजींनी ताटातलं एक भकल उचलून पाहिलं. मग म्हणाले, "सूनबाई, आवाज चांगला आहे तुझा. नारळ फोडायच्या आधी काढायचा होतास!"

दिलेला शब्द मागं घेणं मामंजींना ठाऊक नव्हतं. आम्ही राहायला आलो. पहिल्याच दिवशी चूल पेटवली, तर धूर माजघरात फिरला, ओटीवर मामंजींना भेटून आला, सगळ्यांची विचारपूस केली. बाहेर तेवढा गेला नाही.

हे अजून चिडवतात. चिडवोत बापडे! मी पारखलेल्या घरात आजवर तसूभरही खोट निघालेली नाही. तिथं धोंडिबा आणि त्याची बायको राहतात, एवढंच.