निळ्याचा काठ

बीडमध्ये स्क्रीन प्रिंटिंग म्हटलं की लोकांना लग्नपत्रिका आठवते. मी जाळीवरून रबराची पट्टी ओढून नुसते रंगाचे चौकोन छापते हे कळल्यावर शेजारीण म्हणाली, "आन् नावं कुठं छापणार?"

कला महाविद्यालयात मी महायुद्धानंतरच्या परदेशी चित्रकारांची छापचित्रं पाहिली होती. सपाट रंग, सुरीनं कापल्यासारखा काठ. ना देव, ना माणूस, ना झाड. रंग म्हणजे रंगच, त्यात दुसरं काही शोधू नका, असा त्यांचा हट्ट. आडनावावरून माणूस ओळखणाऱ्या गावात वाढलेल्या मला हा हट्ट फार आवडला. कुणाचं, कशाचं असं न विचारता कुणीतरी माझं चित्र नुसतं बघावं, एवढीच इच्छा होती.

मी शाळेत चित्रकला शिकवते. मुख्याध्यापकांनी हॉलसाठी चित्र मागितलं, तेव्हा मी माझं सगळ्यात चांगलं छापचित्र नेलं. अर्धं गडद निळं, अर्धं राखाडी. दोन रंग एकमेकांवर चढू नयेत आणि मधे फटही राहू नये, यासाठी मी कितीतरी कागद वाया घालवले होते.

सरांनी बराच वेळ पाहिलं. "छान हाय. निळा जरा फिका करता येईल का? न्हाईतर लोक म्हणतील, म्याडमनी आपला झेंडा लावला."

"सर, हा फक्त रंग आहे."

"मला समजतंय हो. लोकांचं सांगतो."

आमचं घर बौद्ध आहे, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक. मी चित्र उचललं. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं.

आईनं ते बैठकीत लावलं, बुद्धाच्या तसबिरीशेजारी. चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी तिनं भिंतीवरच्या सगळ्या तसबिरींना झेंडूचे हार घातले आणि एक हार माझ्या चित्रालाही. नेमका दोन रंगांमधला काठ झाकला गेला. मला तिडीकच गेली. मी हार काढला.

"आई, हा फोटो न्हाई. नुसता रंग हाय. त्याला हार कशाला?"

आई स्टुलावरच उभी होती. शांतपणे म्हणाली, "मग निळाच कावून घेतला?"

दुकानात सगळेच रंग होते. माझे डोळे भरून आले. मी हार तिच्या हातात परत दिला. तिनं तो पुन्हा घातला, आणि काठ दिसेल एवढा मी तो बाजूला सारला.