उताऱ्याची कोंबडी

आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमागे नाल्याच्या कडेला तीन रस्ते मिळतात. कुणाचं मूल तापलं, कुणाचा नवरा खंगत चालला, की लोक तिथे उतारा ठेवतात. भात, लिंबू, अंडं. दुखणं फारच हट्टी असेल तर जिवंत कोंबडी. आजाऱ्यावरून ओवाळायची, पायाला लाल दोरा बांधायचा, तिठ्यावर सोडायची आणि मागे न बघता घरी यायचं. दुखणं कोंबडीबरोबर गेलं, असा समज. कोंबडी कुठे गेली, हे कुणी विचारत नाही.

मला विचारा. ती आमच्या पार्किंगमध्ये येते. एरवी या शहरात मोकळी फिरणारी कोंबडी रविवारच्या जेवणापर्यंत टिकत नाही. पण उताऱ्याच्या कोंबडीला खाणं सोडाच, हुसकवायलाही लोक घाबरतात, दुखणं अंगाला चिकटेल म्हणून. मी ब्लाउज शिवते. दिवसभर तळमजल्याच्या खिडकीशी मशीनवर बसलेली असते, त्यामुळे हे सगळं मला दिसतं. आमच्या घरात उतारे आणि नवस आजोबांनी बुद्धाचा मार्ग धरला तेव्हाच बंद झाले. कोंबड्यांना कणी टाकायला मला कुणाची परवानगी लागली नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी वर बोलावून समजावलं. घाण होते, उंदीर येतात, आणि खरं म्हणजे लोकांना ते बरं वाटत नाही. मी म्हटलं, आधी सोडणाऱ्यांना बोलवा. विषय तिथेच थांबला.

मग एक काळी तलंग आली, अजून अंड्यावर न आलेली. बाकीच्या कोंबड्या माझ्या पायात यायच्या, ही मात्र स्कूटरखालून बाहेर पडेना. मी भांडं घेऊन उभी राहिले की पळायची. मला रागच आला. फुकटचं खायला घालतेय आणि हिचा तोरा बघा. मग डोक्यात प्रकाश पडला. हिला माणसाचा हात ठाऊक होता तो पाय धरून उलटं टांगणारा, कुणाच्या तरी डोक्यावरून गोल फिरवणारा. मी वरून हात न्यायचं सोडलं. फरशीवर मांडी घालून बसायचे, तळहात जमिनीला टेकवून त्यावर कणी ठेवायचे आणि दुसरीकडे बघायचे. येणारे-जाणारे टकामका बघायचे. बघू देत. कित्येक दुपारी काहीच झालं नाही. एकदा तिने मान लांबवून एक दाणा उचलला आणि धूम ठोकली. पुढे हातावरचं टिपू लागली, मग मांडीत येऊन बसू लागली. मी ब्लाउजला हुक लावत तशीच बसून राहायचे, उठले तर बिचकेल म्हणून.

मांडीत आली तेव्हा पाय दिसला. कोंबडी वाढली होती, दोरा तेवढाच राहिला होता. तो मांसात रुतला होता आणि पंजा सुजून काळा पडला होता. जनावरांच्या डॉक्टरांना फोटो दाखवला. म्हणाले, लगेच काढा, नाहीतर पाय जाईल.

दोरा कुणाचा, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहते, माझ्याहून बरीच लहान. तिच्या मुलीला तापात आकडी आली होती. मूल हॉस्पिटलात राहून बरं झालं, श्रेय कोंबडीला मिळालं. मी कात्री उकळत ठेवलीय हे तिला कुणीतरी सांगितलं आणि ती धावत खाली आली.

"ताई, तो दोरा नका ओ सोडू. माझ्या पोरीचं दुखणं आहे त्यात."

मी तिला हसले नाही. आपलं मूल हातात ताठ होताना पाहिलेली बाई होती ती. पण कोंबडीचा पाय माझ्या मांडीवर होता आणि त्याला वास येत होता.

"पोरगी परत तापली तर माझ्या दारात ये," मी म्हटलं. "काय शिव्या घालायच्या त्या घाल. मग आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ. पण हा दोरा मी कापणार."

आणि कापला. कोंबडीला जुन्या ओढणीत गुंडाळलं, डोळे झाकले आणि एकेक धागा सोडवला. तिने चोच मारली नाही, नुसती थरथरत होती. ती बाई दारात उभी राहून रडत होती. मला तिची कीवही आली आणि संतापही आला, दोन्ही एकदम. दोरा मी तिच्यादेखत ओल्या कचऱ्यात टाकला.

मग बिल्डिंग वाट बघू लागली. मी शिंकले तरी जिन्यात शांतता पसरायची. शिवायला येणारे ब्लाउज कमी झाले. मी कोंबडीला मुद्दाम गेटपाशी घेऊन बसायला लागले, पायाला मलम लावायला. ज्याला बघायचं त्याने नीट बघावं.

शाळेत तापाची साथ आली आणि मुलगी तापली. आई माझ्या दारात आली. तिने मला जे ऐकवलं ते सगळ्या मजल्यांनी ऐकलं असेल. माझं कधी भलं होणार नाही, मला मूल नाही म्हणून मला कळत नाही, सगळं. ते मुलाचं लागलं. खूप लागलं. मी ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि रिक्षा थांबवली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि ताप उतरेपर्यंत आम्हाला तिथेच बसवून ठेवलं. आकडी आली नाही.

परतताना रिक्षात मुलगी आईच्या खांद्यावर झोपली होती. तिला थोपटत, बाहेर बघत ती म्हणाली, "पाय कसा आहे तिचा?"

"वाचला. एक बोट गेलं. लंगडते."

तिने मुलीच्या कपाळाला हात लावून बघितला. मग विचारलं, "दुखलं असेल ना तिला, इतके दिवस?"

नाही गं, असं म्हणून टाकणं सोपं होतं. दिवसभराची दमलेली बाई, अंगावर आजारी मूल. पण ते खोटं मी तिला दिलं नाही.

"हो," मी म्हटलं. "खूप दुखलं."