ठिगळ न धरणारी होडी

आमच्या लालबागच्या चाळीच्या चौकात होडी येऊन पडली तेव्हा माझ्या पदरात दोन मुलं होती आणि माझा धीर संपत आला होता. खोली एकच. तिच्यात आम्ही दोघं, दोन मुलं आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. मी गिरगावातली. तिथंही चाळच होती, पण माझ्या माहेरी आत एक वेगळं स्वयंपाकघर होतं आणि त्याला दार होतं. लग्न झाल्यावर मला त्या दाराची जितकी आठवण आली तितकी आईचीही आली नाही.

होडी आली त्याचं असं झालं. आमचे हे मिलच्या मेकॅनिक खात्यात होते. मिलचा गोरा मॅनेजर कायमचा विलायतेला निघाला. रविवारी बंदरात फिरायला त्याने एक छोटी हौशी होडी ठेवली होती. ती लाकडाची नव्हती. काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर राळेसारखं रसायन, असे थरावर थर देऊन केलेली, फायबर ग्लासची. अशी वस्तू आमच्याकडे कुणी पाहिलेली नव्हती. ती धक्क्यावरून लॉरीत चढवायला मिलची चार माणसं गेली, त्यात हे होते. दोर निसटला, होडी दगडी पायरीच्या कोपऱ्यावर आदळली आणि तळाला ताटाएवढं भोक पडलं. साहेब जायच्या घाईत होता. त्याने ती ह्यांनाच देऊन टाकली. होडीबरोबर विलायतेहून आलेलं दुरुस्तीचं सामानही दिलं: राळेचा एक डबा, ती राळ घट्ट करणाऱ्या औषधाची बाटली आणि काचेच्या कापडाची गुंडाळी. फुकटची वस्तू समोर आली की आमच्या ह्यांना पुढचं काही दिसत नसे. हातगाडीवर घालून, चाळीतल्या पोरांची वरात मागे घेऊन, होडी घरी आली.

"आपल्याला काय करायचीय होडी?" मी विचारलं.

"बाबांसाठी," हे म्हणाले.

मामंजींनी मिलच्या साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, जन्म घालवला होता. निवृत्त झाल्यापासून दाराजवळच्या कोपऱ्यात त्यांची वळकटी, तंबाखूची चंची आणि खोकला. संध्याकाळी गॅलरीत बसून ते गावच्या खाडीच्या गोष्टी सांगत. मिलमध्ये यायच्या आधी ते बापाच्या होडीवर होते, मालवणाकडे. कुठल्या वाऱ्याला कुठे मासळी लागते, भरतीला खाडीच्या तोंडाशी होडी कशी वळवायची, सगळं हातवारे करून. चाळीतली माणसं सुपारी कातरत ऐकत बसत. ह्यांनी त्यावरून ठरवून टाकलं की बापाचा जीव तिकडे अडकलाय. होडी दुरुस्त करायची, आगबोटीने गावी पाठवायची आणि तिच्याबरोबर मामंजींनाही. गावचं घर बंद होतं, ते उघडायचं. खाडीवर होडी, म्हातारा खूश.

आणि कोपरा मोकळा. हे ह्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला ठाऊक होतं आणि मलाही ते हवं होतं. हिंदमात्याच्या बाजारातल्या एका कापडवाल्याकडून मला परकर शिवायचं काम मिळत होतं. शिलाई मशीन शेजारणीची. तिला वेळ असेल तेव्हा, तिची भाजी निवडून देऊन, तिच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकून मी ते शिवत असे. माझं स्वतःचं मशीन त्या कोपऱ्यात बसलं असतं. मी मनातल्या मनात ते तिथे ठेवूनही दिलं होतं, वर खिडकीचा उजेड पडेल असं.

म्हणून मी होडी सोसली. नाहीतर पहिल्याच दिवशी मी ती गटारात लोटली असती. भोकाच्या चिरफळलेल्या कडा कापून काढायच्या, मग कडेची जाडी कानशीने आणि काचपेपरने उतरती करत आणायची, म्हणजे नवा थर जुन्यावर चढून बसतो. हे सगळं ह्यांनी साहेबाकडून समजून घेतलं होतं. पण ती घासलेली भुकटी! ती काचच. ह्यांच्या बनियनमधून ती घरात आली, गोधडीत गेली, मुलांच्या मानेवर गेली. खाजकुयली अंगाला लागल्यासारखे आम्ही सगळे खाजवत होतो. चाळीतल्या बायका नळावर मला ऐकवायच्या, "तुमच्या होडीनं आमचे कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही." माझी होडी! मी काय बंदरावर हिंडत होते?

ते दिवस मोर्च्यांचे. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव पेटलेलं. रोज कुठे ना कुठे सभा, कधी हरताळ, कधी लाठीमार. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही यावर चाळीत रात्रंदिवस काथ्याकूट चाले. मामंजी तर खोकल्याची उबळ दाबत प्रत्येक सभेला. पायात चप्पल असो नसो.

पहिलं ठिगळ घालायचा रविवार उजाडला. होडी दोन पिंपांवर पालथी घातली होती. हे राळ कालवायला बसले, माझ्याच अॅल्युमिनियमच्या पातेल्यात. औषध किती घालायचं ते साहेबाने सांगितलं होतं त्याच्या देशाच्या थंडीच्या हिशेबाने, इथल्या उकाड्याला ते जास्तच होतं. मी कापडाचे तुकडे धरून उभी, शेजारचे दोघे होडी धरून. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र—" आणि सगळा चौक "झालाच पाहिजे!" म्हणत फाटकाकडे धावला. सर्वांत पुढे मामंजी, अनवाणी. होडी धरणारे गेले. हेही "आलोच" म्हणून गेले.

मी एकटी, हातात ते तुकडे. पातेल्यातली राळ घट्ट होऊ लागली, मग तापू लागली, मग तिच्यातून धूर निघाला. विझवायला पाणी ओतावं तर भलतंच काही व्हायचं ही भीती. शेवटी फडक्याने धरून मी पातेलंच गटाराशी नेऊन टाकलं. थोड्या वेळाने पाहिलं तर आत पिवळा दगड. पातेलं त्याच्यासकट गेलं. आमटीचं पातेलं होतं ते.

मोर्च्यातून मामंजी अंधार पडता पडता परतले. अश्रुधुराने डोळे लाल झाले होते, पण तोंडावर अशी काही कळा होती की जणू नुकतं लग्न ठरलंय. मी पातेल्याबद्दल बोलले. "जाऊंदे गो," ते म्हणाले, "मुंबय रवली म्हणजे झाला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या खेपेला ह्यांनी औषध कमी घातलं, भल्या सकाळी काम उरकलं. कापडाचा एक थर, वर राळ, पुन्हा थर, हवेचे बुडबुडे ब्रशने टोचून काढलेले. सुकल्यावर ठिगळ असं झालं की बोटाने टिचकी मारली तर टणटण वाजे. चाळ बघायला आली. ह्यांनी विड्या वाटल्या. आणि चार दिवसांनी एका कडेखाली नख गेलं, नखामागे बोट गेलं आणि अख्खं ठिगळ परातीतल्या पापडासारखं उचलून हातात आलं.

ह्यांनी जेवण सोडलं. मला रडू कोसळलं, ठिगळासाठी नव्हे, पुन्हा ती भुकटी घरात येणार म्हणून.

कारण मला सापडलं, आणि तेही केस विंचरताना. माझी खोबरेल तेलाची बाटली तळाला गेली होती. महिन्याची बाटली अर्ध्यातच संपली कशी? मुलांना विचारलं. धाकटी म्हणाली, "आजोबा होडीला लावतात."

मामंजींनी काही लपवलं नाही. त्यांच्या बापाच्या होडीला पावसाआधी, पावसानंतर, सणाला तेल चोपडत. उंडीचं, नाहीतर माशाचं. "होडयेक तेल नको? सुकली तर तडाकतली." दुपारी हे मिलमध्ये असताना त्यांनी होडीला पुढच्या नाळेपासून मागच्या शेपटापर्यंत मायेने तेल चोळलं होतं, घासलेल्या कडांनासुद्धा. त्यांच्यापरीने ते बरोबरच होतं.

ह्यांनी मग त्यांना समोर बसवून सांगितलं, "बाबा, हे लाकूड नाही. तेल लागलं की राळ धरत नाही. सुटून येते. कळलं?"

"कळला," मामंजी म्हणाले.

ह्यांनी सोड्याच्या पाण्याने होडी धुतली, रंगवाल्याकडून स्पिरिट आणून पुसली, कडा नव्याने घासल्या. डब्यात आता एकाच ठिगळापुरती राळ उरली होती. तसा डबा इथे कुठल्याच दुकानात मिळत नव्हता, ह्यांनी सगळीकडे विचारून पाहिलं होतं. म्हणजे हे शेवटचं. जमलं तर पुढच्या आगबोटीने होडी आणि मामंजी दोन्ही गावाला.

ते घालायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी गॅलरीत वाळवण उलटं करत होते. खाली पाहिलं तर मामंजी होडीपाशी उकिडवे बसलेले. हातात माझी नवी बाटली. या वेळी ते होडीभर तेल चोळत नव्हते. चिंधीला थोडंसं लावून फक्त भोकाच्या घासलेल्या कडेवरून फिरवत होते, सावकाश, गोल. मग कोरड्या फडक्याने ती चमक पुसून टाकत होते, दिसू नये म्हणून.

मी कशी खाली उतरले मला ठाऊक नाही. पायात काही नव्हतं, पदर कमरेला.

"मामंजी, कळलं म्हणालात ना तुम्ही! मग हे काय चाललंय?"

ते दचकले नाहीत. बाटलीचं बूच लावलं. म्हणाले, "कळला म्हणानच लावतंय."

तेच पुढे बोलले. "थंय कोण आसा गो माजा? दाराक कुलूप. गजाली सांगूक समुद्र बरो, रवाक नाय."

"मग गावी राहायचं नाही हे तोंडाने सांगायला काय झालं होतं? महिने गेले, मामंजी! माझं पातेलं गेलं, पोरांच्या अंगाची चाळण झाली, तुमचा मुलगा उपाशी झोपतो—"

"झील इतक्या हौशेन करता हा. तेका काय सांगू?" मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वर पाहिलं. "मुंबय आमची म्हणान मी थंय आरडतंय, लाठये खातंय. आणि तुमी माकाच मुंबयतून भायर काडतास."

मला त्यांचा इतका राग आला होता की मी बाटली त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि वर आले. कोपऱ्यातली वळकटी लाथेने सरकवली. मग पुन्हा होती तिथे आणली. रात्री जेवताना ते माझ्याकडे बघत नव्हते आणि मी त्यांच्याकडे. हे मात्र खुशीत होते. उद्या ठिगळ, मग पत्र टाकून गावच्या घराची साफसफाई करून घेऊ, असं बोलत होते. मी सांगणार होते. सकाळी सांगू, असं मी ठरवलंच होतं. माझं मशीन, माझा कोपरा, माझा खिडकीचा उजेड. एका वाक्याचं काम होतं.

रविवारी सकाळी हे होडीपाशी बसले. डबा तळापासून खरवडून राळ काढली, कापडाचे तुकडे मांडले. मामंजी पिंपाला टेकून उभे होते, दोन्ही हात पाठीमागे. औषध घालण्याआधी ह्यांनी स्पिरिटची बाटली उचलली आणि मला विचारलं, "कड परत एकदा पुसून घेऊ का गं?"

मामंजींनी मान खाली घातली.

"मी सकाळीच पुसलीय," मी म्हणाले. "घाला तुम्ही औषध."

ठिगळ सुरेख बसलं. आठवड्याभराने ते सुरेख निघालंही. ह्यांनी होडीला एक लाथ घातली. मला ह्यांची दया आली, आणि तरी मी तोंड उघडलं नाही. पुढे होडी चौकात पालथीच राहिली, आणि होडीविना मामंजींना गावी पाठवायचंही राहून गेलं. तिच्याखाली चाळीतल्या बायका कोळसा कोरडा ठेवू लागल्या, आणि त्याच बायका मग ती किती सोयीची म्हणून मला सांगू लागल्या. मशीन मी बरंच पुढे घेतलं. ते मोरीजवळच्या अंधारात ठेवावं लागलं. सुईत दोरा ओवायला मला दारापर्यंत यावं लागे आणि दारात वळकटी, वळकटीवर खोकला. अजून आठवलं तरी डोकं फिरतं. एवढं सगळं कशासाठी, एका माणसाने वेळेवर चार शब्द बोलू नयेत म्हणून!

ज्या दिवशी ते शेवटचं ठिगळ निघालं, त्या संध्याकाळी मी केस सोडून बसले होते. मामंजी वाण्याकडे जाऊन आले. खोबरेल तेलाची नवी कोरी बाटली त्यांनी माझ्या फणीशेजारी ठेवली, आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन वळकटी पसरली.